वाऱ्यावरची जेट विमाने

उत्तर वेल्समधल्या लँडुडनो या गावाला लागून ग्रेट ऑर्म नावाचा चुनखडीचा डोंगर थेट समुद्रात शिरला आहे. उंची २०७ मीटर. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकडीच वाटेल. १९०२ साली सुरू झालेली, केबलने ओढली जाणारी ट्राम आजही पर्यटकांना माथ्याकडे नेते. डोंगराच्या पोटात कांस्ययुगातल्या माणसांनी खणलेल्या तांब्याच्या खाणी आहेत आणि उतारांवर काश्मिरी शेळ्यांचा मोकाट कळप चरतो. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, तेव्हा याच शेळ्या गावात उतरल्या, लोकांच्या कुंपणांची झुडपे खात हिंडल्या आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली.

विमानवेड्यांना मात्र हा डोंगर दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. समुद्रावरून वारा नीट लागला की उताराच्या काठावर माणसे रेडिओ ट्रान्समीटर घेऊन उभी राहतात आणि त्यांच्यासमोर मिग, हंटर, व्हल्कन, स्कायहॉक अशी विमाने घिरट्या घालू लागतात. पंखांची लांबी मीटर-दीड मीटर. रंग, क्रमांक, पत्र्याचे जोड, कॉकपिटमधला वैमानिक, सगळे मूळ विमानाबरहुकूम. एकच गोष्ट गायब असते, ती म्हणजे इंजिन. विमान जवळून गेले की पंखांनी वारा कापल्याचा सणसणीत आवाज येतो, बाकी शांतता.

या छंदाला पॉवर स्केल सोअरिंग म्हणतात. खऱ्या आयुष्यात जे विमान इंजिनावर उडत होते, त्याची प्रमाणबद्ध प्रतिकृती करायची आणि ती डोंगरउतारावर निव्वळ वाऱ्याच्या जोरावर उडवायची, एवढाच त्याचा नियम. पंख्याची विमाने चालतात, प्रवासी विमानेही चालतात. पण जेट लढाऊ विमानांवर या मंडळींचा विशेष जीव. ब्रिटनमध्ये या छंदाची पॉवर स्केल सोअरिंग असोसिएशन नावाची संस्था आहे आणि ग्रेट ऑर्म हे तिच्या मेळाव्यांचे आवडते ठिकाण. या संस्थेने रुजवलेली एक पद्धत मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. एक विमान निवडायचे, एकाने त्याचा आराखडा काढायचा आणि मग देशभरातल्या अनेकांनी तेच विमान एकाच हंगामात आपापल्या घरी बांधायचे. शेवटी सगळी विमाने एकाच डोंगरावर आणून एकत्र उडवायची. मिग-१५, स्कायहॉक आणि जेट प्रोव्होस्ट ही विमाने अशा सामुदायिक बांधणीतून उभी राहिली.

इंजिनाशिवाय विमान वर राहतेच कसे, हे ज्याने पावसाळ्यातला नाणेघाट पाहिला आहे त्याला वेगळे सांगायला नको. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला वाट नसते, म्हणून तो वर उसळतो. घाटाच्या तोंडाशी पडणारे पाणी हा वारा खाली पडूच देत नाही; धबधबा उलटा वर उडतो. ग्रेट ऑर्मवर जोर कमी असेल, पण नियम तोच. हवा ज्या वेगाने वर चढते त्याहून कमी वेगाने विमान तिच्यातून खाली सरकत असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते वरच चढताना दिसते. ऑर्व्हिल राइट यांनी १९११ च्या ऑक्टोबरमध्ये किटी हॉकजवळच्या वाळूच्या टेकडीवर अशाच वाऱ्यावर ९ मिनिटे ४५ सेकंद तरंगून विक्रम केला. तो सुमारे दहा वर्षे टिकला. पुढे व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर निर्बंध आले, तेव्हा तिथली तरुण मुले ग्लायडर घेऊन वासरकुप्पे या डोंगरावर जमू लागली आणि १९२२ मध्ये तिथे तासाच्या पुढची उड्डाणे झाली. डोंगर आणि वारा मिळून माणसाला किती वेळ अधांतरी ठेवू शकतात, हे तिथे सिद्ध झाले.

पण त्या ग्लायडरचे पंख लांब, अरुंद आणि खास याच कामासाठी घडवलेले होते. जेट लढाऊ विमानाचा सगळा घाट याच्या उलट असतो. पंख आखूड, मागे झुकलेले, पातळ. पोट फुगलेले, कारण त्यात इंजिन आणि इंधन मावायचे असते. असे विमान वाऱ्यावर तरंगेल हे सकृद्दर्शनी पटत नाही.

ते शक्य होते ते प्रमाणाच्या गणितामुळे. मिग-१५ चे उदाहरण घेऊ. मूळ विमानाच्या पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी १०.०८ मीटर, पंखांचे क्षेत्रफळ २०.६ चौरस मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ५,००० किलो. म्हणजे दर चौरस मीटर पंखावर जवळजवळ २४० किलोंचा भार. आता १:८ प्रमाणात प्रतिकृती केली, तर पंख १.२६ मीटरचे होतात. क्षेत्रफळ आठाच्या वर्गाने, म्हणजे ६४ पटींनी घटते आणि ०.३२ चौरस मीटर उरते. वजन आठाच्या घनाने, म्हणजे ५१२ पटींनी घटले पाहिजे. तसे ते १० किलोंच्या आसपास येईल. बाल्सा लाकूड आणि फोम वापरणारा बांधणारा मात्र तेच मॉडेल दीड-पावणेदोन किलोंत बसवू शकतो. मग दर चौरस मीटरवर भार उरतो अवघा पाच किलो. हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग या भाराच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणून दहा किलोंच्या मॉडेलला जो वेग लागला असता, त्याच्या निम्म्याहूनही कमी वेगात हे हलके मॉडेल उडते. काही ग्रॅम वाचवण्यासाठी ही माणसे फळीला भोके का पाडतात आणि रंगाचा दुसरा हात द्यावा की नाही यावर का खल करतात, ते या आकड्यांवरून कळते.

गणित अनुकूल असले तरी सगळेच सोपे होत नाही. मागे झुकलेल्या पंखाला एक जुनी खोड आहे. वेग कमी झाला की हवेची पकड आधी पंखाच्या टोकाशी सुटते, विमान एका अंगावर कलंडते आणि फिरकी घेत खाली येते. खऱ्या मिग-१५ वरही हा प्रश्न होता. टोकाकडे वाहत जाणारी हवा अडवण्यासाठी त्याच्या प्रत्येक पंखावर दोन उभ्या पट्ट्या बसवल्या होत्या. मॉडेल लहान असल्यामुळे त्याच्यापुरती हवा जास्त चिकट ठरते आणि ही खोड वाढते. म्हणून आराखडा काढणारा दोन तडजोडी करतो. पंखाला किंचित पीळ देतो, म्हणजे टोकाची मागची कड मुळाच्या तुलनेत जराशी उचललेली राहते. आणि मूळ विमानाच्या पंखाचा छेद सोडून, मंद वेगात चालणारा छेद घेतो. आरजी-१५ हा या कामातला एक नावाजलेला छेद आहे. वरून पाहिले तर पंख हुबेहूब मिगचा दिसतो. मधून कापून पाहिला तर तो ग्लायडरचा असतो. ही तडजोड प्रामाणिक आहे. जी प्रतिकृती उडत नाही ती शोभेच्या कपाटात जाते आणि डोंगरावरच्या माणसांना कपाट भरायचे नसते.

दुसरी अडचण नाकाची. मिगचे नाक आखूड आणि शेपूट उंच, अवजड. गुरुत्वमध्य ठरलेल्या जागी आणायचा तर नाकात शिसे भरावे लागते आणि शेपटीकडे वाढलेला एकेक ग्रॅम नाकात त्याच्या कितीतरी पट शिसे मागतो. म्हणून अनुभवी माणूस मागचा भाग घडवताना सर्वांत हलका बाल्सा निवडून काढतो. नाकातल्या हवेच्या तोंडाचे काय करायचे हाही प्रश्नच. खरे भोक ठेवले तर वारा आत शिरून अडतो, बंद केले तर डोळ्याला खटकते. बहुतेक जण चार बोटे खोल पोकळी करून आत काळा रंग देतात.

इथवर आले की एकट्या माणसाचा धीर सुटतो. जगभरातल्या माळ्यांवर आणि पलंगांखाली अर्धवट सांगाडे पडून असतात, त्याचे कारण हेच. आराखडा असतो, लाकूड असते, आणि एका रात्री एखादा जोड जमत नाही, विचारायला कोणी नसते, काम बाजूला ठेवले जाते ते कायमचे. सामुदायिक बांधणीने नेमकी ही जागा हेरली.

पद्धत अशी. आधी विमान ठरते. ते ठरवताना आवडीबरोबर स्वभावही पाहिला जातो. नवख्यांना झेपेल का, वेगवेगळ्या देशांच्या रंगांत रंगवता येईल का, दोनच सर्व्होंवर, म्हणजे पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरींवर, उडेल का? बहुतेक जेट मॉडेल शेपटीची आडवी पाती आणि पंखांवरची पाती एवढ्यावरच नियंत्रित होतात. उभ्या शेपटीचे पाते स्थिरच ठेवले जाते. आराखडा काढणारा स्वतः एक नमुना बांधतो, तो डोंगरावर उडवून पाहतो आणि चुका दुरुस्त करतो. मग प्लायवूडच्या आणि बाल्साच्या फासळ्या लेझरने कापून मिळतात, कॉकपिटवरची पारदर्शक प्लॅस्टिकची कॅनोपी साच्यावर ओढून मिळते. उरलेले सगळे हाताने. धडाच्या चौकटी उभ्या करायच्या, त्यांवर बाल्साच्या पट्ट्या चढवायच्या, पॉलिशपेपरने घासून गोलाई आणायची. फोमचे पंख गरम तारेने कापायचे आणि त्यांवर लाकडाची पातळ पापुद्री किंवा पांढऱ्या गोंदात भिजवलेला खाकी कागद चिकटवायचा. वाळल्यावर तो कागद ताणून बसतो आणि पंखाला अनपेक्षित ताकद देतो. त्यावर फायबरग्लासचे मलमलीहून तलम कापड, मग रंग.

ब्रिटनमध्ये हे काम हिवाळ्यात चालते. दिवस लहान, बाहेर पाऊस, गॅरेजमध्ये दिवा. एकाला जोड जमला की तो फोटो काढून बाकीच्यांना दाखवतो. दुसऱ्याला त्याच फासळीत चूक सापडते आणि तिसरा ती चूक करण्याआधीच सावध होतो. ज्याच्याकडे लेथ आहे तो सगळ्यांसाठी शेपटीकडची नळी घडवतो. ज्याला संगणकावर चिन्हे काढता येतात तो सगळ्यांसाठी रंगकामाचे साचे कापतो. सर्वांना आपण कोणत्या टप्प्यावर आहोत हे दिसत असते, आणि वसंतात डोंगरावर जमायची तारीख डोक्यावर असते. गाडे रखडले की कोणीतरी विचारतेच. या विचारण्याचे मोल मोठे आहे. हाताने काही घडवण्याची कला आज मागे पडते आहे ती कौशल्य कमी म्हणून नाही. सोबत नाही म्हणून. सामुदायिक बांधणी ही सोबत पुरवते.

आणि एकच आराखडा असूनही विमाने सारखी निघत नाहीत, हे या प्रकाराचे खरे सौंदर्य.

मिग-१५ प्रथम उडाले १९४७ च्या ३० डिसेंबरला. त्याच्या इंजिनाची कुळी ब्रिटिश होती. रोल्स-रॉइसची नीन इंजिने ब्रिटनने सोव्हिएत रशियाला विकली आणि रशियाने त्यावरून आपले इंजिन घडवले. १९५० च्या नोव्हेंबरात हे विमान कोरियन युद्धात उतरले आणि अमेरिकी वैमानिक चकित झाले. पुढे ते सोव्हिएत गटातल्या आणि त्याबाहेरच्या कितीतरी देशांनी वापरले. त्यामुळे एकाचे मिग चकचकीत रुपेरी, लाल नाकाचे. दुसऱ्याचे चिनी ताऱ्याचे. तिसऱ्याचे पोलंडच्या लाल-पांढऱ्या चौकटींचे. उत्तर कोरियाचा वैमानिक नो कुम-सोक २१ सप्टेंबर १९५३ रोजी आपले मिग घेऊन दक्षिणेतल्या किंपो तळावर उतरला. ते विमान आज अमेरिकेत डेटनच्या हवाई दल संग्रहालयात उभे आहे. अशा एखाद्या विशिष्ट विमानाची प्रतिकृती करायची म्हटली की बांधणारा क्रमांकाच्या आकड्यांचे वळणसुद्धा तपासतो.

स्कायहॉकची गोष्ट वेगळी. एड हाइनमन या अमेरिकी अभियंत्याने ते आखले तेव्हा नौदलाने दिलेल्या वजनाच्या मर्यादेच्या जवळपास निम्म्यातच विमान बसवून दाखवले. पंख इतका आटोपशीर, ८.३८ मीटरचा, की विमानवाहू जहाजावर तो दुमडावाच लागत नाही. दुमडणीचे बिजागर नाहीत, म्हणून पंख हलका आणि भक्कम. वजन वाचवण्याचा हा ध्यास मॉडेल बांधणाऱ्याला ओळखीचा वाटला तर नवल नाही. १९७९ पर्यंत या विमानाचे उत्पादन चालू होते. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स पथकाने १९७४ ते १९८६ या काळात याच निळ्या-पिवळ्या विमानांवर कसरती केल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या वैमानिकांनी हीच विमाने समुद्रालगत खाली आणून ब्रिटिश जहाजांवर हल्ले चढवले. वेल्सच्या डोंगरावर हे दोन्ही रंग शेजारी शेजारी उडू शकतात.

जेट प्रोव्होस्ट या दोघांच्या मानाने साधे, ब्रिटिश हवाई दलाचे प्रशिक्षण विमान. ते आणि स्कायहॉक दोन्ही १९५४ च्या जून महिन्यात, काही दिवसांच्या अंतराने प्रथम उडाली. प्रोव्होस्टचे पंख सरळ, दोन आसने शेजारी शेजारी, स्वभाव समंजस. ज्याने यापूर्वी जेटची प्रतिकृती केलीच नाही त्याने सुरुवात यापासून करावी. याच विमानातून पुढे स्ट्राइकमास्टर हे लढाऊ रूप निघाले आणि ते ओमान, सौदी अरेबिया, न्यूझीलंड, केनिया अशा देशांत गेले. म्हणून एकाच सांगाड्यावर रेड पेलिकन्स या कसरतपथकाचा लाल रंगही चढतो आणि वाळवंटातला मातकट छद्मरंगही.

पहिल्या उड्डाणाची घटका सगळ्यांनाच कठीण जाते. हिवाळाभर केलेले काम हातात धरून वाऱ्यात उभे राहायचे असते. सोडणारा एक, ट्रान्समीटरवर दुसरा. नाक किंचित खाली ठेवून विमान सरळ, जोराने, उताराबाहेर फेकतात. पहिल्या दोन-तीन सेकंदांत ते खाली बसल्यासारखे होते, मग वेग धरते आणि वर येते. वेग हेच त्याचे इंजिन. नवशिक्याला विमान वर राखण्यासाठी नाक उचलण्याचा मोह होतो आणि तिथेच टोकाची पकड सुटते. उतरणे त्याहून अवघड, कारण माथ्यामागे वारा गरगरतो आणि खाली ओढतो. चाके नसतातच; गवतावर पोटानेच उतरावे लागते. डोंगरावर फिरायला येणारे लोक, कुत्री, चरणारी जनावरे यांवर लक्ष ठेवायला एक जण शेजारी उभा असतो. एकाच वेळी सात-आठ मिग हवेत असतील तर आपले कोणते हे ओळखणे हीही परीक्षाच.

जेट विमान आधी बिनइंजिनाचे उडवून पाहायचे, ही गोष्ट भारताला परकी नाही. कुर्ट टांक या जर्मन अभियंत्याच्या देखरेखीखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचएफ-२४ मारुत हे लढाऊ विमान आखले जात होते, तेव्हा त्याच्याच आकाराचे, लाकडी, इंजिन नसलेले एक्स-२४१ नावाचे ग्लायडर बांधण्यात आले. १९५९ पासून डकोटा विमानाच्या मागे दोर लावून ते वर नेत आणि सोडून देत. एका उतरण्याच्या वेळी पुढचे चाक बाहेर आले नाही आणि ते मोडले. तोवर त्याची ८६ उड्डाणे झाली होती आणि आकाराविषयी हवी ती माहिती हाती आली होती. त्यानंतर, १७ जून १९६१ रोजी, इंजिनवाले मारुत उडाले. लाकडी पंखांवर जेटचा आकार पारखणारी ती माणसे आणि ग्रेट ऑर्मवरची माणसे यांच्या कामात हेतूचा फरक आहे, पण हवा दोघांनाही तेच प्रश्न विचारते.

महाराष्ट्रात या छंदाला लागणारे सगळे हजर आहे. कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडर उडवणारे लोक वर्षानुवर्षे उताराचा वारा वापरत आले आहेत. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. एनसीसीच्या हवाई शाखेत विमानाची मॉडेल बांधण्याचे शिक्षण मिळते आणि स्पर्धाही होतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंद आणि शिक्षणासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. उडवण्याआधी आपली टेकडी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या पट्ट्यात येते का, हे मात्र पाहायलाच हवे.

आणि भारतीय हवाई दलात गाजलेले विमानही तयार आहे. नॅट. पंख सुमारे पावणेसात मीटरचे, १:५ प्रमाणात केले तर १.३५ मीटरचे, म्हणजे मोटारीच्या मागच्या सीटवर मावणारे मॉडेल. १९६५ च्या युद्धात या चिमुकल्या लढाऊ विमानाने पाकिस्तानची सेबर विमाने पाडली. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी निर्मलजित सिंग सेखों नॅट घेऊनच एकटे लढले आणि धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळालेले हवाई दलाचे ते आजवरचे एकमेव वीर. बंगळूरला बांधलेले नॅट आहे, त्यातून निघालेले अजित आहे. एका आराखड्यात वीस जणांना पुरतील इतके रंग आहेत.

ब्रिटनमध्ये बांधणीचा काळ हिवाळा, आपल्याकडे तो पावसाळा. पुणे, नाशिक, कोल्हापूर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि मॉडेल क्लबांनी मिळून जूनमध्ये एक आराखडा ठरवावा, फासळ्या एकाच ठिकाणी कापून घ्याव्यात, प्रत्येक गटाने एकेक नॅट बांधावे आणि दिवाळीनंतर परवानगीच्या टेकडीवर सगळी एकत्र उडवावीत. ज्याच्या हाताला सुतारकाम येते आणि ज्याला विमानाचे गणित येते, अशा दोघांनी आधी एकमेकांना शोधावे. पहिला नमुना त्यांनीच बांधायचा आहे.